फिनिशने खरंच फरक पडतो का? शेरी, पोर्ट, वाईन... तुमची आवडती सिंगल माल्ट कोणती?

गोदाकाठ
मंडळी नमस्कार. विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज टाकतोच. आमचा चौघांचा ग्रुप आहे, महिन्यातल्या एका रविवारी नाशिकला गंगापूर रोडला माझ्या गच्चीवर बसतो. सगळे पन्नाशीच्या आसपास, ढोसायचं वय गेलं, दोन पेग निवांत, सोबत चिवडा नाहीतर खारे शेंगदाणे आणि गप्पा. गेली तीनेक वर्षं सिंगल माल्टवर (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) आलोय आणि दर वेळी गाडी एकाच जागी अडते, ती म्हणजे फिनिश.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माल्ट आधी बरीच वर्षं एका पिंपात मुरते, बहुतेक वेळा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या वापरलेल्या पिंपात. मग शेवटचे काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं ती दुसऱ्या पिंपात हलवतात, ज्यात आधी शेरी (स्पेनची कडक वाईन), पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाईन), रम, वाईन असं काहीतरी होतं. हा दुसरा मुक्काम म्हणजे फिनिश. आमच्यातला एक मित्र ठाम आहे की हा सगळा लेबलचा खेळ. त्याचं म्हणणं, लोणचं वर्षभर मुरलं आणि शेवटी बरणी बदलली तर चव कशी बदलेल? मला मात्र फरक कळतो असं वाटतं. माझी आवडती ग्लेनमोरांजी क्विंटा रुबान, पोर्टच्या पिंपातली. पहिल्या घोटाला काळी मनुका, मागे डार्क चॉकलेट आणि शेवटी जिभेवर पुदिन्यासारखं थंड काहीतरी.

तर प्रश्न दोन. तुमची आवडती कोणती आणि कुठल्या फिनिशची? आणि फरक खरंच पडतो की आपण लेबल वाचून चव घेतो?

कॉलेजरोड_जुना
बाल्वेनी डबलवूड १२. आपला विषय संपला.

साधं_पाणी
@कॉलेजरोड, संपला कसा, इथूनच तर सुरू होतो! डबलवूड १९९३ साली आली आणि फिनिश ही कल्पना लोकांच्या घरात पोचली ती तिच्यामुळे. बाल्वेनीचे माल्ट मास्टर डेव्हिड स्टुअर्ट यांनी ऐंशीच्या दशकातच हा प्रयोग सुरू केला होता, बर्बनच्या पिंपातली व्हिस्की शेरीच्या पिंपात घालून बघायचा. डबलवूडला शेरीच्या पिंपात साधारण नऊ महिने ठेवतात. म्हणजे बारा वर्षांपुढे नऊ महिने, तरी तो मध आणि जायफळाचा वास येतोच.

पण गोदाकाठ, एक गल्लत होते ती आधीच सांगून ठेवतो. शेरी फिनिश वेगळं आणि पूर्ण शेरीत मुरलेली वेगळी. अबरलोर अबूना, ग्लेनड्रोनाक १२, ग्लेनफारक्लास १०५ या आयुष्यभर शेरीच्या पिंपात राहिलेल्या. त्यांना फिनिश म्हणायचं नाही. कित्येक जण अबूनाची तुलना ग्लेनमोरांजीच्या शेरी फिनिशवाल्या लसांटाशी करतात आणि म्हणतात फिनिश फिकं वाटतं. वाटणारच ना, एक जन्माची सासरी आहे आणि एक चार दिवस पाहुणी.

धुनीवाला
नाय भो, आपलं यात मन रमत नाही. पिंपाचा नखरा त्यांनी करावा ज्यांच्या दारूला स्वतःचा आवाज नाही. लाफ्रॉइग १० किंवा लागावुलिन १६ घ्या, थंडीतल्या रात्री, अंगावर घोंगडी, आणि ग्लास नाकाला लावा. आमच्या मळ्यात हुरड्याची आगटी पेटवायचे तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विझलेल्या राखेवर दव पडून जो वास यायचा ना, तोच. तो पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या जळाऊ मातीचा धूर. बार्ली वाळवताना पीट जाळतात आणि तो धूर दाण्यात बसतो, पिंपात नाही. तो पुढे सोळा वर्षं गेला तरी जात नाही.

माहेर_नाशिक
धुनीवाले, माझ्या नवऱ्याला लाफ्रॉइगचा वास दवाखान्याचा वाटतो, ड्रेसिंग करताना लावतात त्या आयोडीनचा :) पण तुमचं वर्णन वाचून मलाच हुरड्याची आठवण आली.

मी सध्या एडिनबरोला असते, माहेर इंदिरानगर. मागच्या उन्हाळ्यात टेनला ग्लेनमोरांजीची डिस्टिलरी बघून आले म्हणून लिहिते. तिथली तांब्याची भांडी बघून मान दुखते, इतकी उंच. नुसती मानच पाच मीटरच्या वर, जिराफाएवढं भांडं असं तेच सांगतात. त्या उंचीचा उपयोग असा की जड वाफ अर्ध्यातून थंड होऊन परत खाली पडते आणि हलकी, फुलांफळांच्या वासाची तेवढी वर जाऊन पलीकडे उतरते. त्यामुळे त्यांची दारू मुळात नाजूक. नाजूक कापडावर रंग पटकन चढतो तसं फिनिश तिच्यावर दिसून येतं. तेच लागावुलिनसारख्या दणकट दारूवर कमी दिसेल, म्हणून धुनीवाल्यांचंही चूक नाही आणि गोदाकाठांचंही नाही.

उच्चार बरं का, मोरांजी नाही, "मॉ"वर जोर देऊन मॉरंजी, ऑरेंजी म्हणतो तसं. तिथल्या मुलीने मला तीनदा म्हणायला लावलं.

गोदाकाठ
ताई, फार छान माहिती. उच्चाराचं लक्षात ठेवतो, पण गच्चीवर कुणी ऐकणार नाही :)

सेलरमधला
मी दिंडोरी भागात एका वायनरीत सेलर बघतो, अकरा वर्षं झाली. व्हिस्की फारशी पीत नाही पण पिंपांशी रोजचा संबंध आहे त्यामुळे बरणीवाल्या मित्राला उत्तर देतो.

काचेची बरणी आणि लाकडाचं पिंप यात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे २२५ लिटरचं फ्रेंच ओकचं बॅरल येतं. नवीन असताना शिराझ नाहीतर कॅबरने अशी रेड वाईन त्यात घातली की पहिल्या काही महिन्यांत पातळी खाली जाते, कारण थोडी उडून जाते आणि थोडी लाकूडच पितं. आम्हाला सतत वरून भर घालावी लागते. तीन-चार हंगाम झाले की पिंपाचा स्वतःचा वास वाईनमध्ये उतरायचा जवळपास थांबतो, आमच्या दृष्टीने ते म्हातारं. पण तेव्हा फळी आडवी कापून बघा, आतल्या बाजूने काही मिलीमीटरपर्यंत जांभळी झालेली असते, बीट चिरल्यासारखी. हे सगळं लाकडात बसलेलं असतं. त्यात साठ टक्के अल्कोहोलची व्हिस्की घातली तर ती ते ओढून बाहेर काढणारच. वाईन तेरा-चौदा टक्के असते, तिला जे जमत नाही ते हिला जमतं.

एक सांभाळायचं म्हणजे गंधक. रिकामं पिंप आंबू नये म्हणून आम्ही आत गंधकाची बत्ती जाळतो. असं पिंप न धुता कुणी व्हिस्कीला वापरलं तर जळकी काडी, उकडलेलं अंडं असा वास राहतो. शेरीच्या काही व्हिस्क्यांना लोक जो "सल्फर" म्हणून नाकं मुरडतात त्याचं एक कारण हे.

साधं_पाणी
वा! असा प्रतिसाद यावा म्हणून धागे काढावेत. सेलरमधला, ती म्हातारी पिंपं जातात कुठे मग?

सेलरमधला
बरीचशी अर्धी कापून झाडं लावायला. गंगापूर रोडच्या हॉटेलांबाहेर बोगनवेलीखाली जी अर्धी पिंपं दिसतात ती हीच. काहींची टेबलं होतात. मला वाईट वाटतं, पण जागा अडते.

रसायन७
थोडं रसायनशास्त्र, कंटाळा आला तर सोडून द्या.

ओकच्या लाकडात लिग्निन असतं, ते उष्णतेने आणि अल्कोहोलने फुटलं की व्हॅनिलिन मिळतं, आइस्क्रीमला जो वास असतो तोच रेणू. हेमिसेल्युलोज भाजलं की साखरेच्या पाकासारखे वास. अमेरिकन ओकात लॅक्टोन जास्त, त्याचा वास ओल्या खोबऱ्याचा. युरोपियन ओकात टॅनिन जास्त, त्यामुळे तुरटपणा, कडक चहासारखा. शिवाय युजेनॉल, म्हणजे लवंगेचं मुख्य तेल, तेही ओकात असतं. त्यामुळे "लवंगेचा वास येतो" असं कुणी म्हणालं तर हसू नका, तो रेणू खरंच ग्लासात आहे.

आता बर्बनचं पिंप का? अमेरिकेत कायद्याने बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकातच मुरवावी लागते. एकदा वापरलं की ते पिंप त्यांना बर्बनसाठी परत चालत नाही, म्हणून साधारण २०० लिटरची ही पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला जातात. जळका थर कोळशासारखा काम करतो, गंधकाचे वास शोषून घेतो. नवं लाकूड फार आक्रमक असतं, माल्टला ते झेपत नाही, वापरलेलं सौम्य.

शेरीबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं ही स्पेनमधल्या जेरेझच्या जुन्या बोदेगांमधली, म्हणजे शेरीच्या कोठारांमधली, शंभर वर्षांची पिंपं. नाही. पूर्वी शेरी पिंपातून इंग्लंडला जायची आणि ती रिकामी वाहतुकीची पिंपं व्हिस्कीवाले घ्यायचे. ऐंशीच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचं बंधन आलं आणि तो मार्ग बंद झाला. आता बहुतांश पिंपं मुद्दाम व्हिस्कीसाठी बांधतात, त्यात एक-दोन वर्षं शेरी ठेवून "तयार" करतात आणि मग पाठवतात.

बेदाणा
@रसायन७, पेद्रो हिमेनेझ म्हणजे पीएक्स शेरीचं पण सांगा ना. आमचा पिंपळगावला बेदाण्याचा धंदा आहे. ती द्राक्षं उन्हात वाळवून मग त्याची वाईन काढतात असं वाचलं तेव्हा मला एकदम घरचंच वाटलं.

रसायन७
बरोबर वाचलंत. गवताच्या चटयांवर द्राक्षं उन्हात सुकवतात, अर्धवट बेदाणा झाला की पिळतात. जी वाईन मिळते ती काकवीसारखी दाट आणि काळी. ओलोरोसो शेरी त्याच्या उलट, कोरडी, अक्रोडासारखी. त्यामुळे बाटलीवर नुसतं "शेरी" वाचून काही कळत नाही, कुठली शेरी ते बघायचं. लागावुलिनची डिस्टिलर्स एडिशन पीएक्सची, धुनीवाल्यांनी एकदा घ्यावी. धूर आणि बेदाणा एकत्र.

धुनीवाला
घेतली होती राव. खोटं कशाला बोलू, आवडली. पण साधी १६ जास्त आवडते.

सुताराचा_नातू
सगळे ओक ओक करताय म्हणून लिहितो. माझे आजोबा जुन्या नाशकात सुतार, मी फर्निचरमध्ये. मला नेहमी प्रश्न पडायचा की आपल्याकडे एवढा साग, शिसव, मग त्याची पिंपं का नाहीत. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून तर वाळवी लागत नाही, पण ते तेल दारूत उतरणार. पांढऱ्या ओकात लाकडाच्या नळ्या आतून आपोआप बुजलेल्या असतात, म्हणून द्रव गळत नाही. लाल ओकात त्या उघड्या, त्याचं पिंप गळतं. शिवाय फळी आगीवर तापवून वाकवतात, खिळा नाही, फेविकॉल नाही, नुसते लोखंडी पट्टे ठोकून आवळतात. अशी गोल, पोट सुटलेली वस्तू गळती न होता बांधायची म्हणजे काय कारागिरी आहे हे ज्याने साधी बादली बांधायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल.

अंबड_लिंकरोड
गळतीवरून माझी कथा. गेल्या वर्षी ऑनलाइन दोन लिटरचं छोटं ओक बॅरल मागवलं, म्हटलं आपणच फिनिश करू. आधी नाशिकचीच एक गोड रेड वाईन तीन आठवडे भरून ठेवली, मग ती काढून दोन बाटल्या देशी सिंगल माल्ट ओतल्या. बॅरल माळ्यावर. मध्ये गावाला लग्न निघालं, नंतर भावाकडे मुक्काम, परत आलो तर पाच आठवडे झालेले. घरात शिरलो तर भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट माळ्यावर, एका फळीच्या सांध्यातून थेंब थेंब गळून वर्तमानपत्रावर चिकट डाग पडलेला. उरली होती ती ग्लासात घेतली, रंग कडक चहासारखा, मनात म्हटलं जमलं. घोट घेतला आणि तोंड वाळलं! वखारीतला भुसा चावल्यासारखं, मागे कडू. सव्वा लिटर चांगली माल्ट गेली. अजून हळहळ वाटते.

सेलरमधला
दोन गोष्टी राहिल्या. भरायच्या आधी दोन-तीन दिवस पाण्याने भरून ठेवायला हवं होतं, लाकूड फुगतं आणि सांधे बसतात. आम्ही गरम पाणी वापरतो.

रसायन७
आणि आकार. पिंप लहान तितकं दर लिटरमागे लाकूड जास्त. दोनशे लिटरच्या मानाने दोन लिटरच्या पिंपात प्रत्येक लिटरला साधारण साडेचार पट पृष्ठभाग मिळतो. पाच आठवडे फार झाले, आठव्या-दहाव्या दिवसापासून रोज चाखून बघायला हवं होतं. लाफ्रॉइग क्वार्टर कास्क याच तत्त्वावर आहे, शेवटचा मुक्काम लहान पिंपात, पण ते लहान म्हणजेही १२५ लिटरच्या आसपास.

पंचवटी_अण्णा
मी पीत नाही, पण धागा सगळा वाचला. कारागिरीचं वाचायला आवडलं. एकच विनंती, लिहिणाऱ्यांपैकी कुणी रविवारच्या बैठकीनंतर गाडी चालवत घरी जाऊ नये. माझा भाचा रात्री अकरा वाजता त्रिंबक रोडवर दुसऱ्याच्या चुकीने गेला. बाकी चालू द्या.

गोदाकाठ
अण्णा, मनापासून वाईट वाटलं. आमच्याकडे नियम आहे, दोघं चालत येतात, तिसरा रिक्षाने. तो पाळला जाईल.

कॉलेजरोड_जुना
अण्णांशी शंभर टक्के सहमत.

दिंडोरी_फाटा
सगळं स्कॉटलंड झालं, आपलं कोण सांगणार? लॉंगिट्यूड ७७ आपल्या दिंडोरीत बनते हे किती जणांना माहितीय? पर्नो रिकार या फ्रेंच दारू कंपनीची भारतातली पहिली सिंगल माल्ट, २०२२ च्या शेवटी आली. बर्बनच्या पिंपात मुरवून वाईनच्या पिंपात फिनिश. नाव ७७ अंश रेखांशावरून, ती रेघ काश्मीरपासून दक्षिणेपर्यंत देश उभा कापत जाते म्हणून. मी दोनदा घेतली. सुरुवात गोड, थोडा टॉफीसारखा वास, शेवट जरा लवकर आटोपतो असं माझं मत. पण आपल्या तालुक्यात बार्लीची दारू गाळली जाते आणि जगात विकली जाते याचा मला अभिमान आहे, लपवत नाही.

साधं_पाणी
अभिमान असायलाच पाहिजे. भारतीय माल्टकडे बघायची नजर बदलली ती अमृतमुळे. बंगळूरची, पण १९४८ साली सुरू करणारे राधाकृष्ण जगदाळे, आडनाव बघा. त्यांची सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत उतरली, स्कॉचच्या घरातच. नंतरच्या फ्यूजनमध्ये भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची धुरकट बार्ली एकत्र. २०१० च्या 'व्हिस्की बायबल' या पुस्तकात व्हिस्की समीक्षक जिम मरे यांनी तिला जगात तिसरा नंबर दिला आणि सगळ्यांचे कान टवकारले.

फिनिशच्या दृष्टीने त्यांची इंटरमीजिएट शेरी आणि पोर्टोनोव्हा बघा. दोन्हीत उलटं गणित आहे, बर्बनमधून शेरी किंवा पोर्टमध्ये आणि मग पुन्हा बर्बनमध्ये. म्हणजे माहेरून सासरी आणि परत माहेरी. पोर्टोनोव्हा तर ६२ टक्क्यांच्या वर, पाणी घातल्याशिवाय तोंडात घेऊच नका. रामपूरची आसव मात्र नाशिककरांनी चाखायलाच हवी, ती भारतीय कॅबरने सोव्हिन्योंच्या पिंपात फिनिश केलेली. आणि हरयाणाची इंद्री त्रिनी, बर्बन, फ्रेंच वाईन आणि पीएक्स अशी तीन पिंपांची.

बेदाणा
आपल्याकडच्या उन्हात लवकर मुरते म्हणतात ते खरं का? मग वय का लिहीत नाहीत बाटलीवर?

रसायन७
खरं. उष्णतेत लाकूड आणि दारू यांची देवाणघेवाण जोरात होते. पण किंमत मोजावी लागते, स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, बंगळूरमध्ये दहा-बारा. दहा वर्षं ठेवली तर पिंपात उरेल काय? म्हणून भारतीय माल्ट चार-पाच वर्षांत काढतात, आणि एवढा लहान आकडा छापला की अठरा वर्षांच्या स्कॉचपुढे उगाच कमी वाटतो. स्कॉचला किमान तीन वर्षं हा कायदा आहे, त्यापुढचं सगळं पिंप आणि हवामान ठरवतं.

कॉलेजरोड_जुना
किमतीचं काय ते पण बोला. एका बाटलीत मुलाची ट्यूशन फी निघते.

साधं_पाणी
महाराष्ट्राने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आयात स्कॉचवरचं राज्य उत्पादन शुल्क ३०० वरून १५० टक्के केलं, तेव्हापासून दुसऱ्या राज्यातून कुणाला आणायला सांगायची गरज उरली नाही. केंद्राची कस्टम ड्यूटी १५० टक्के होती, जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटनसोबतच्या करारात ती आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० वर आणायचं ठरलं. तोवर चौघांत एक बाटली, गोदाकाठसारखी. आणि परवाना काढून ठेवा, आपल्या राज्यात तो लागतो.

गोदाकाठ
मंडळी, एवढं वाचून ठरवलं की प्रश्न गच्चीवरच सोडवायचा. येत्या रविवारी ग्लेनमोरांजीच्या तिघी शेजारी शेजारी: ओरिजिनल (नुसती बर्बन), लसांटा (शेरी) आणि क्विंटा रुबान (पोर्ट). ताईंनी सांगितलं तसं भांडी तीच, दारू तीच, फरक पिंपाचा. डोळ्याआड चाखायची. ओतणार बायको, आत स्वयंपाकघरात, नंबर ग्लासच्या बुडाला. काही सूचना?

रसायन७
एक मोठी अडचण. ओरिजिनल ४० टक्के, लसांटा ४३, क्विंटा रुबान ४६. जास्त अल्कोहोल असलेली नेहमीच "भारी" वाटते, मग तुम्ही फिनिश नाही, टक्के चाखाल. तिन्ही ४० वर आणा. तीस मिली लसांटात सव्वादोन मिली पाणी, तीस मिली क्विंटात साडेचार मिली. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आणा, सुई नको. वयातही फरक आहे, क्विंटा १४ वर्षांची, त्याला इलाज नाही.

पाण्याने चव मरते अशी भीती बाळगू नका. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघांनी संगणकावर हिशेब मांडून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असलं तर ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा रेणू, पृष्ठभागापाशी राहतो, त्याहून तीव्र दारूत तो आत बुडतो. थोडं पाणी वास वर आणतं.

माहेर_नाशिक
आणि रंग! क्विंटा लालसर दिसते, लगेच ओळखू येईल. गच्चीवरचा दिवा बंद करा किंवा स्टीलचे पेले घ्या. तसंही रंगावर जाऊ नये, स्कॉचमध्ये कॅरामलचा रंग घालायला परवानगी आहे.

धुनीवाला
चिवडा आधी नको. तिखटाने जीभ जाते. कोरडा पाव ठेवा.

गोदाकाठ
झालं मंडळी, काल रात्री झालं. जरा सविस्तर लिहितो.

चौघं आम्ही आणि पाचवे माझे वडील. वय ८१, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्य गेलं, शाईच्या वासावरून लॉट ओळखायचे. ते पीत नाहीत म्हटलं तरी चालेल, पण नाक तिखट म्हणून बसवलं. स्टीलचे पेले, सिरिंजने मोजून पाणी, प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल, अर्धा तास कुणी बोलायचं नाही. गच्चीवर इतकी शांतता कधीच नव्हती, खालच्या रस्त्यावरचा भेळवाला घंटी वाजवत गेला तेवढंच.

निकाल: पोर्ट पाचांपैकी चौघांनी वेगळी काढली. त्यात तो बरणीवाला मित्रही होता, त्याने कागदावर लिहिलं होतं "३ मध्ये जांभूळ" आणि पेला उलटा केल्यावर बराच वेळ तो आकडा बघत बसला. पोर्टचं मान्य आहे, म्हणाला. शेरीचं मात्र नाही, आणि त्याच्याकडे पुरावा होता, कारण लसांटा आणि ओरिजिनल यांच्यात त्याची आणि आणखी एकाची अदलाबदल झाली. पाणी घालून समान केल्यावर त्या दोघी एकमेकींच्या फार जवळ येतात. मी स्वतः जिला पैकीच्या पैकी मार्क देऊन "ही माझी क्विंटा" लिहिलं होतं ती लसांटा निघाली. पोर्ट न ओळखणारा पाचवा मीच. तीन वर्षं मी क्विंटा रुबानचं कौतुक करत होतो त्यातलं किती ४६ टक्क्यांचं होतं आणि किती पोर्टचं, हे मला आता परत शोधायचंय. पुढच्या महिन्यात लॉंगिट्यूड आणि आसव ठेवतोय, देशी माल्ट आणि नाशिकची गच्ची.

वडिलांनी फक्त ओठ ओले केले, बाकी नुसता वास घेत बसले. त्यांच्या कागदावर ३ समोर "औषधी काढा". १ समोर काही नाही. १ आणि २ मध्ये बराच वेळ घुटमळून शेवटी २ समोर बारीक अक्षरात लिहिलं, "आईचं फडताळ". २ नंबर म्हणजे ओरिजिनल, नुसती बर्बनच्या पिंपातली.

बेदाणा
काय सुंदर लिहिलंय काकांनी.

सुताराचा_नातू
काकांना विचारा ना, फडताळ कुठल्या लाकडाचं होतं?

गोदाकाठ
विचारलं आत्ता. सागाचंच, पंचवटीतल्या वाड्यात भिंतीत बसवलेलं. पण वास लाकडाचा नव्हता म्हणाले. खालच्या कप्प्यात गुळाची ढेप असायची आणि वर लवंगांची डबी.